सोबतीसमोर चक्कर म्हणायचं नाही

आमच्या घरात एका शब्दाला बंदी आहे. शिवी नाही हां. शिव्या चालतात, आई सकाळी कोंबड्यांपासून सुरू करते ती दुपारी माझ्यापर्यंत पोचते. बंदी आहे 'चक्कर' या शब्दाला. कारण आमच्या फ्रिजवर सोबती बसलाय.

सोबती म्हणजे गोळ्यांचा डबा. पांढरा, पुढे एक गोल दिवा, दिव्याखाली कॅमेरा. चाळिशी उलटलेल्या सगळ्यांना फुकट वाटलेत, नको म्हणायची सोय नाही. बाबांच्या मनगटावर पट्टी असते. ती रक्तातली चरबी, नाडी, झोप बघत बसते आणि सोबतीला चुगल्या करते. मग सोबती हिशेब करून त्या दिवसाची गोळी पाडतो. खाल्लेलं सगळं त्याला दाखवायचं. आणि तो बोलतो. नाव सोबती, पण आवाज बाईचा, तोही असा की मालवणी ऐकून तिला ताप येत असावा. "नमस्कार दिगंबरजी, आपण आज फार छान झोपलात." माझ्या बापाला सबंध गावात कोणी दिगंबरजी म्हटलेलं नाही. दिगू म्हणतात.

माझे बाबा माडावर चढून नारळ पाडतात. एक्कावन्न वर्षांचे आहेत. आता माडावर चढायला कार्ड लागतं, 'उंचीवरचं काम' असं लिहिलेलं. पट्टीचा दिवा हिरवा असेल तरच माडाला अडकवायचा कमरेचा पट्टा उघडतो. आणि नियम असा, की सोबतीच्या कानावर कार्डवाल्याची चक्कर पडली, की कार्ड नव्वद दिवस बंद. पन्नाशीनंतर दुसऱ्यांदा पडली तर कायमचं. तपासणी नाही, विचारपूस नाही. डबा ऐकतो, वर कळवतो, खेळ खलास.

म्हणून आमच्याकडे कोणी तो शब्द बोलत नाही. बाबांना तसं झालं की आई लांबून भुवया उडवते आणि बाबा एक बोट हवेत गोल फिरवतात. मला ते बोट बघून संताप यायचा. एवढा मोठा माणूस, आणि स्वतःच्या घरात मुक्यासारखा खाणाखुणा करतोय. कोणाला घाबरून? डब्याला!

आता एक आधीच सांगते, नाहीतर म्हणाल शाळा सोडलेली पोरगी, हिला काय कळतं. गोळी वाईट नाही. माझे आजोबा सत्तेचाळिसाव्या वर्षी अंगणात सुपाऱ्या सोलता सोलता गेले, हृदय बंद. बाबांच्या रक्तातही तसलीच चरबी निघाली. कोलेस्टेरॉल आपल्या यकृतात बनतं, बाहेरून येतं ते कमी. गोळी त्या कारखान्याची एक चावी अर्धी बंद करते. दोन वर्षांत बाबांचा आकडा निम्म्यावर आला. ते मला मान्य आहे. माझं भांडण गोळीशी नाहीच.

शाळेचं पण सांगून टाकते. दहावीत आमच्या बाकांवर कॅमेरे बसवले होते, कोण लक्ष देतंय ते मोजायला. एका सत्रात माझ्या नावावर दोनशे चौदा वेळा 'लक्ष विचलित' लागलं. दोनशे पंधराव्या वेळी मी कॅमेरा उपटून पाण्याच्या माठात टाकला. मी खिडकीबाहेर बघायचे, एवढाच गुन्हा. पण बाहेर बघणाऱ्यालाच काय चाललंय ते दिसतं ना?

मला बाबांच्या पायाची बोटं दिसली.

माडावर चढताना बाबांच्या पायाची बोटं पंख्यासारखी फाकलेली असतात. लहानपणापासून बघतेय. श्रावण लागता लागता ती बोटं आवळायला लागली. खाली जमिनीवरसुद्धा. अंघोळीहून येताना भिंतीला हात, खाटेवरून उठताना दाराला हात. आणि पट्टी हिरवीगार. सोबती म्हणतो, "आपल्या वयाच्या गटात आपण जिल्ह्यात सर्वोत्तम आहात."

मी विहिरीकडे गाठून विचारलं. विहीर परसात आहे, सोबतीला तिथलं ऐकू येत नाही.

"बाबा, किती दिवस झाले?"

"कसले?"

मी बोट फिरवलं.

"वय झाला गो. व्हतला बरा."

"डॉक्टरला सांगा ना."

"डाक्टराक सांगितला की तो टॅबात लिवतलो. टॅबात लिवला की कार्ड गेला. मगे काय करू, तुज्यासारखो घराकडे बसान खिडकीतसून बघू?"

असं बोलतात. वर दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन कौल लावून आले. देवाच्या मूर्तीला पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. घरी आले ते खुशीत.

"उजवी पडली. चढ म्हणता देव."

माझं डोकं फिरलं. घरात दिवा हिरवा, देवळात पाकळी उजवी, आणि माणूस भिंतीला धरून उभा! भिंतीला कोणी विचारत नाही.

चतुर्थीला बारा दिवस उरले होते. हे दिवस म्हणजे माडवाल्यांची नुसती धावपळ, प्रत्येक घराला नारळ हवे. त्या सकाळी कोचरेकर मास्तरांकडे बोलावणं होतं. हो, माझ्याच शाळेचे मास्तर. त्यांच्या परड्यात वाडीतला सगळ्यात उंच माड आहे, वर जाऊन समुद्राकडे वाकलेला. मी बाबांबरोबर गेले, मास्तरांकडे न बघता उभी राहिले.

"बाबा, ह्यो नको. बारके माड करा आज."

"गप रव. दिवो हिरवो हा."

ते चढले. कमरेचा पट्टा खोडाला असतो तोवर ठीक. पण नारळ काढायला पट्टा सोडून झावळांत शिरावं लागतं, तिथे तुमचे हात, पाय आणि नशीब. मी खालून बोटं बघत होते. अर्ध्यापर्यंत पंखा. पाऊण भागावर बोटं आवळली. पट्टा सोडायला गेलेला हात मधेच थांबला आणि बाबांनी माड मिठीत घेतला. कपाळ खोडाला टेकवलं.

"दिगंबर, होत नसेल तर राहू दे हो," मास्तर खालून ओरडले.

माझ्याकडे ना कार्ड, ना पट्टा. खोडाला खाचा असतात, त्यात पाय देत गेले. शेताच्या बांधावरच्या बुटक्या माडांवर चोरून चढलेय मी, पण हा माड म्हणजे निम्म्यात गेल्यावर वाऱ्याने स्वतःच हलायला लागतो. खाली बघितलं नाही. बाबांच्या टाचेला हात लागला तेव्हा ती थंडगार होती.

"कोण ता?"

"मी."

"फटकीच्या, तू खय इलस वर!"

"नंतर शिव्या घाला. डोळे मिटू नका. डावो पाय खाली... आणखी खाली. हां. माझ्या हातावर टेका."

"तुज्या हातार टेकान दोघां खाली जातलो."

"मगे टेकू नका. पण उतरा!"

एकेक खाच करत उतरलो. किती वेळ लागला माहीत नाही. खाली आल्यावर बाबा बुंध्याशी बसले. मास्तरांनी पाणी आणलं. मला म्हणाले, "केतकी, तुझं लक्ष चांगलं आहे हो." मी तांब्या त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

घरी आलो तर सोबती म्हणतो, "अभिनंदन दिगंबरजी! आज आपला व्यायाम उत्तम झाला."

मी स्टुलावर चढले होते त्याला उचलून आपटायला. आईने वेणी धरून खाली ओढलं.

त्या दिवसापासून मी दुसरं काही केलं नाही, बापाकडे बघत बसले. आणि मागचंही आठवलं. जुलैत बोट नव्हतं. ऑगस्टमध्ये सुरू झालं. मधे चार दिवस बाबा आत्याकडे बेळगावला गेले होते. तिथे मीच फोन करून आडून विचारायचे, तिसऱ्या दिवशी म्हणाले, आज काय नाय. परत आले, दोन दिवसांनी बोट चालू. आता बेळगावात असं काय नाही जे आमच्याकडे आहे? गोळी तीच, डबा बरोबर नेला होता. पाणी? चहा? माड? मी डोकं खाजवून खाजवून दमले, आणि उत्तर रोज चार वाजता माझ्यासमोर बसून खात होतं.

पपनस.

आमच्या परसात पपनसाचं झाड आहे, आजोबांनी लावलेलं. एकेक फळ लहान बाळाच्या डोक्याएवढं. ऑगस्टपासून पिकायला लागतं. यंदा आईने बाबांचे वडे बंद केले, लाडू बंद केले, म्हणून बाबा चार वाजता सबंध पपनस सोलून मीठ-मिरची लावून खातात. खायच्या आधी डब्याला दाखवतात. आणि डबा काय म्हणतो? "मोसंबी, मोठी. शाबास!" रोज. आम्ही हसायचो त्याला.

मी आरोग्य उपकेंद्रात गवस सिस्टरांकडे गेले. चाळीस वर्षं नोकरी झालेली बाई, कोणाला भीत नाही असं वाटायचं.

"सिस्टर, समजा एक माणूस आहे..."

"नाव सांगू नको," त्या एकदम म्हणाल्या. टेबलावरचा टॅब उचलला, लशींच्या फ्रिजमागे सरकवला, वर टॉवेल टाकला. "हां, बोल आता. समजा एक माणूस आहे."

मी सगळं सांगितलं. पपनस म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं, आतड्यात एक नाका असतो असं समज. तू दहा ट्रक गोळी पाठवलीस तर नाक्यावरच सात-आठ मोडीत निघतात. रक्तात जातात दोन-तीन. गोळी बनवणाऱ्यांना हे माहीत असतं, तेवढं धरूनच ते ताकद ठरवतात. पपनसात असा एक रस असतो, तो नाक्यावरच्या शिपायांना झोपवतो. एक-दोन दिवस उठत नाहीत ते. मग दहाच्या दहा ट्रक आत. गोळी एक घेतली, पण अंगात तीन-चार गेल्यासारखी. आणि रोज पपनस खाल्लं तर शिपाई उठतच नाहीत. एवढी गोळी झाल्यावर एखाद्याला होतं तसं..." त्यांनी हवेत तळहात हलवला, होडीसारखा. शिपाईबिपाई सगळं पटलं मला, पण तो हात बघून मी गारच पडले. म्हणजे त्यांच्याकडेही खूण होती.

"मोसंबीनं होतं?"

"मोसंबीनं नाही. म्हणूनच तर! सोबतीला पपनसाचं सगळं ठाऊक आहे, पण त्याला समोर मोसंबी दिसते. आणि तो दुसरा शब्द त्याला कोणी ऐकवत नाही. माझ्याकडे आठ गावं आहेत केतकी. तसल्या नोंदी किती असतील?"

"किती?"

"शून्य. वरचे साहेब खूश. इथल्या लोकांना हे औषध इतकं कसं मानवतं, यावर कोणीतरी अभ्यास करतोय म्हणे. समुद्राच्या हवेमुळे असेल, असं त्यांचं मत आहे."

मला हसावं की टेबल उलटं करावं कळेना.

"आणि ऐक," सिस्टर म्हणाल्या, "बापाला गोळी बंद करायला सांगितलीस तर कान उपटीन. गोळी चालू. पपनस बंद."

घरी येऊन सांगितलं तर आई माझ्यावरच उखडली. "फळ वायट? फळ कधी वायट आसता? डब्यान सुद्दा शाबास म्हटला हा!" मी भांडले नाही, झाडावर चढले आणि होती नव्हती तेवढी पपनसं उतरवून पडवीत टोपलीत भरली, वर गोणपाट टाकलं. बाबांना चार वाजता पेरू दिले. तोंड वाकडं करून खाल्ले.

पहिले दोन दिवस बोट फिरलं. तिसऱ्या दिवशी एकदाच. चौथ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी बाबा अंघोळ करून आले ते भिंतीपासून हातभर लांबून, सरळ, गुणगुणत. मी पायाकडे बघितलं. पंखा!

आई विहिरीवर मला म्हणाली, "देवान राखला. आता ह्या कोणाकडे बोलूक नको. कार्ड रवला, बापूस बरो झालो, संपला."

आणि मलाही तेच वाटत होतं. खोटं कशाला बोलू? आपलं सुटलं, बाकीच्यांनी आपापलं बघावं.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी सकाळी बघते तर बाबा पडवीत पपनसं पुसतायत. एकेक देठ शाबूत आहे का बघून टोपलीत लावतायत.

"खय नेतास?"

"खय म्हणजे? वाडीत. माटवेक."

आमच्याकडे गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात, माटवी. तिला नारळ, सुपारीचे घड, काकड्या, रानातली फळं बांधतात. त्यात पपनस पाहिजेच, आणि वाडीत झाड एकच, आमचं. आजोबांपासून रीत आहे, चौदा घरांना चौदा पपनसं आम्ही पोचवायची. विसर्जनानंतर माटवी उतरते आणि ती फळं प्रसाद म्हणून घरातली माणसं खातात. पहिली फोड मोठ्या माणसाला.

"बाबा, चौदा घरांत किती डबे हत?"

ते पुसत राहिले.

"तुमका माहीत हा काय झाला ता. आणि तुमी तीच पपनसा वाटतास?"

"एका फोडीन काय व्हता?"

"एक फोड कोण खाता? गेल्या वर्षी त्या सुभाकाकान सबंध..."

मी तिथेच थांबले. देवाशप्पथ, ते माझ्या डोक्यात नव्हतं. तोंडातून आलं आणि मग कळलं.

सुभाष केरकर. बाबांच्या बरोबरीचा, लहानपणापासून दोघं एकत्र चढायचे. गेल्या वर्षी विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी माडावरून पडला. कंबर गेली. अजून खाटेवर आहे. पाय सरकला, असं लिहिलं गेलं. त्याच्या सोबतीने तेव्हा सांगितलं होतं, प्रकृती उत्तम, दिवा हिरवा.

बाबांच्या हातातलं फडकं थांबलं.

"तेका माजो दोस्त म्हणान मी दोन दिललंय," ते म्हणाले. अगदी हळू. "एक माटवेक. एक खावक. तेका आवडता म्हणान."

"पाय सरकलेलो आसतलो, बाबा."

"आसात."

"आपल्याक माहीत नाय."

"माका पण नाय. तेका विचारलंय मी, हॉस्पिटलात. मेल्या, झाला काय? तर त्यान माज्याकडे बघून डोळो मिटलान नि परत उघडलान. दोनदा. माका वाटला, दुखता म्हणान." बाबांनी पपनस टोपलीत ठेवलं. "ती तेची खूण आसतली काय गो?"

मी टोपलीवर परत गोणपाट ओढलं. 

बाबा उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. आईला लगेच कळलं. ती धावत आली आणि फ्रिजवरच्या डब्यावर पदर टाकला, जसा काही तो पोपटाचा पिंजरा आहे.

"अवो, नको. चार दिवस थांबा. चतुर्थी जांवदे. हातातला काम जातला!"

"जाता तर जांवदे."

"मगे खाव काय?"

"पेरू खातंय ना आता," बाबा म्हणाले. "पदर काढ."

आई उभीच राहिली. मग तिनेच पदर काढला, आणि त्याच पदराने डब्याचा दिवा पुसला. का कोण जाणे.

बाबा घसा खाकरून डब्यासमोर उभे राहिले, शाळेत कविता म्हणायला उभं करतात तसे. "माका चक्कर येय होती," ते म्हणाले. "म्हयनोभर. माडार असताना पण."

दिवा पिवळा झाला. "दिगंबरजी, आपण 'चक्कर' असं म्हणालात का?"

"होय."

"ही नोंद केल्यास आपलं कार्ड नव्वद दिवस स्थगित होईल. आपल्याला नोंद रद्द करायची आहे का?"

"नाय."

"कृपया पुन्हा सांगा."

"नाय म्हणतंय ना मेल्या! चक्कर! चक्कर! चक्कर!"

बाहेर पडवीतून कोंबड्या पळाल्या. मनगटावरची पट्टी लाल झाली आणि डबा अगदी गोड आवाजात म्हणाला, "धन्यवाद. आपल्या विभागातील चक्कर आल्याच्या एकूण नोंदी: एक."

मग आम्ही पपनसं वाटली. हो, वाटलीच. माटवी रिकामी कशी ठेवणार? पण प्रत्येक घरी बाबा लाल पट्टी वर करून दाखवायचे, आणि सांगायचं काम माझं. डबेवाल्यांनी खायचं नाही, गोळी सोडायची नाही, पोरांनी खुशाल खा. तिसऱ्या घरी तारीकाकांनी मुकाट्याने कानाची पाळी ओढून दाखवली; गेल्या वर्षी विसर्जनानंतर त्यांच्या घरात हीच खूण चालली होती. पुढच्या घरी काकू म्हणाल्या, आमच्यात 'डोळ्यात कुसळ गेला' असं म्हणतात. प्रत्येक घराची वेगळी खूण! आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यालाच. सुभाकाकाच्या घरी बाबा एकटे आत गेले. मी बाहेर पायरीवर बसले. बऱ्याच वेळाने बाहेर आले, डोळे लाल होते, आणि मागून सुभाकाकाचा आवाज आला, डब्याला ऐकू जाईल एवढा मोठा.

विसर्जनापर्यंत नोंदींचा आकडा एकवीस झाला. गवस सिस्टर सांगत होत्या, त्या अभ्यासवाल्या माणसाचा घाबरून फोन आला, की हवेत अचानक काय बिघडलं.

बाबांचं कार्ड बंद आहे. खाली बसून बुटक्या माडांवर मला चढायला लावतात आणि वरपर्यंत शिव्या पोचवतात. मला कार्ड मिळायला वय भरायचंय, अजून दोन महिने. मास्तर म्हणतात, तोवर दहावीचा फॉर्म भर. बघू म्हटलं. कॅमेरा नसेल तर.

काल चार वाजता डबा बोलला, "दिगंबरजी, गेले काही दिवस आपण मोसंबी खाल्लेली नाही. फळं खावीत."

बाबांनी पेरूचा घास हातातच धरला. "हिका कोण सांगतला?"

मी पडवीतलं शेवटचं पपनस आणलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं.

"मोसंबी, मोठी. शा..."

"पपनस," मी म्हटलं.

"मोसंबी, मोठी."

"पपनस!" मी ते सोललं, जाड साल उलगडली, आतली गुलाबी फोड काढून दिव्याला जवळजवळ चिकटवली. "नीट बघ. लक्ष विचलित करू नको. पपनस."

दिवा थांबला. पांढरा, पिवळा, परत पांढरा. आई तवा खाली ठेवून बघत राहिली.

"क्षमस्व," डबा म्हणाला. "हे फळ मला ओळखता येत नाही."

दोन वर्षांत पहिल्यांदा खरं बोलला.